मुलीकडे सहा महिने, गाडी कुणी चालवायची?

प्रश्न : साताऱ्याहून ६७ वर्षांच्या एका गृहस्थांचं पत्र आलंय. नोकरीत असताना खात्याची जीप, निवृत्तीनंतर स्वतःची वॅगन-आर, अशी चाळीस वर्षं त्यांनी गाडी चालवली. कधी पावती फाटली नाही, कुणाला खरचटलं नाही. मुलगी आणि जावई कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ राहतात. दोघंही नोकरी करतात, नात चार वर्षांची आहे. मागच्या खेपेला पती-पत्नी सहा महिने राहून आले, पण ते सहा महिने त्यांना जड गेले. सकाळी आठला घर रिकामं, आणि कोथिंबिरीची जुडी आणायची तरी शनिवारपर्यंत थांबायचं. आता मे महिन्यात पुन्हा जायचंय आणि या वेळी तिथलं लायसन्स काढून गाडी चालवायचीच, असं त्यांनी मनाशी ठरवलंय. शेजारी सांगतात, ‘व्हिजिटर व्हिसावर मिळतं की, माझ्या मेव्हण्याला मिळालं.’ आरटीओबाहेरचा एजंट म्हणतो, ‘इंटरनॅशनल लायसन्स काढा आणि जगात कुठंही चालवा.’ व्हॉट्सअ‍ॅपवरचे एक मित्र सांगतात की व्हिसा दहा वर्षांचा आहे, तेव्हा लायसन्सही दहा वर्षांचंच मिळेल. मुलगी मात्र फोनवर एवढंच म्हणाली, ‘बाबा, आल्यावर बघू.’ हे ‘बघू’ त्यांना लागलंय. यवतेश्वरच्या घाटात हाफ क्लच शिकवला तो आपण, आणि आज तिचाच आपल्यावर भरवसा नाही? सध्याच्या लायसन्सची मुदत ऑगस्टमध्ये संपते, असंही ताज्या कलमात आहे. तिथलं लायसन्स काढावं की इथून इंटरनॅशनल न्यावं, आणि मुलीकडे हट्ट धरावा का, असं ते विचारतात.

उत्तर :

काका, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही ताज्या कलमात ढकललीत. लायसन्स ऑगस्टमध्ये संपतंय. तुम्ही मेमध्ये निघणार, नोव्हेंबरच्या आसपास परतणार. म्हणजे मुक्काम निम्म्यावर येईतो तुमचं लायसन्स संपलेलं असणार, आणि त्या दिवसानंतर अमेरिका राहू द्या, पोवई नाक्यावरही तुम्हाला गाडी चालवता येणार नाही. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवसांची सवलत असायची. २०१९ च्या दुरुस्तीत ती गेली. त्याच दुरुस्तीनं एक सोय मात्र दिली : मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. तेव्हा बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी परिवहनच्या सारथी पोर्टलवर हा अर्ज भरा. पंचावन्न ओलांडलेल्यांना पाच-पाच वर्षांचंच नूतनीकरण मिळतं, पण तुमचा हा मुक्काम आणि पुढचे एक-दोन त्यात आरामात बसतील.

अर्जासोबत फॉर्म १-ए, म्हणजे डॉक्टरांचं तब्येतीचं प्रमाणपत्र लागेल. ओळखीच्या डॉक्टरांकडून तो डोळे झाकून सही करून आणायची आपल्याकडे रीत आहे. तुम्ही या निमित्तानं डोळे खरोखर तपासून घ्या. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर दिवसा काही जाणवत नाही, रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा त्रास आधी सुरू होतो. आणखी एक गोष्ट घरीच बघता येईल. लायसन्स आणि पासपोर्ट शेजारी-शेजारी ठेवा. आपल्या जुन्या लायसन्सांवर आडनाव आधी, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात, मधलं नाव एकीकडे आहे तर दुसरीकडे नाही, असा घोळ हमखास सापडतो. साताऱ्यात तो कुणी विचारत नाही, पण गाडी भाड्यानं देणाऱ्या काउंटरवरची मुलगी विचारते. दुरुस्ती करायची असेल तर नूतनीकरणाबरोबरच उरकून घ्या.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तिथलं लायसन्स की इंटरनॅशनल, असे दोनच पर्याय तुम्ही धरलेत. कॅलिफोर्नियाचा नियम याहून सोपा आहे. अठरा वर्षांवरच्या पाहुण्याकडे स्वतःच्या देशाचं चालू लायसन्स असेल, तर त्यावर तो तिथं गाडी चालवू शकतो. पाहुणा आहे तोवर तिथलं लायसन्स काढायची गरज नाही. जो तिथं राहायलाच येतो, नोकरी धरतो, बिऱ्हाड थाटतो, त्याला मात्र दहा दिवसांच्या आत ते काढावं लागतं. तुमचे मुलगी-जावई या दुसऱ्या गटातले, तुम्ही पहिल्या. म्हणजे सातारच्या आरटीओनं दिलेलं कार्ड हाच तुमचा गाडी चालवायचा अधिकार, आणि म्हणूनच त्या ऑगस्टसाठी मी एवढी मागे लागले.

मग शेजाऱ्यांच्या मेव्हण्याचं काय? तो कुठल्या राज्यात होता, ते विचारा. अमेरिकेत सगळ्या देशाचा मिळून एक आरटीओ नाही. प्रत्येक राज्याचं स्वतंत्र खातं, स्वतंत्र नियम. टेक्सासमधला किंवा न्यू जर्सीतला अनुभव कॅलिफोर्नियात लागू पडेलच असं नाही, आणि पाच वर्षांपूर्वीचा तर त्याच राज्यातही नाही. मेव्हणा खोटं बोलत नसेल, पण त्याच्या अनुभवावर तुमचं ठरवू नका. ज्या राज्यात गाडी चालवायची, त्या राज्याच्या खात्याची वेबसाइट बघायची. सुटीत जावई लास व्हेगास किंवा ग्रँड कॅन्यनला घेऊन गेले आणि वाटेत तुम्ही स्टिअरिंग धरणार असाल, तर नेव्हाडा आणि अ‍ॅरिझोनाचे नियमही पाहावे लागतील.

एजंट ज्याला इंटरनॅशनल लायसन्स म्हणतो ते लायसन्स नाही, परमिट आहे. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिली जाणारी ती एक पुस्तिका असते. भारत आणि अमेरिका दोघंही त्या करारात आहेत. तुमच्या लायसन्सवरचा मजकूर तिच्यात वेगवेगळ्या भाषांत दिलेला असतो, एवढंच तिचं काम. मूळ लायसन्स सोबत नसेल तर ती कुणी विचारात घेत नाही, आणि कॅलिफोर्निया तर तिला लायसन्स मानतच नाही. आरटीओची फी १००० रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, आणि मूळ लायसन्सची मुदत आधी संपली तर पुस्तिकेचीही तिथंच. अर्ज सारथीवरच भरता येतो. एजंटाला किती द्यायचे ते तुम्ही आणि तो बघून घ्या, पण पोर्टलवर स्वतः वीज बिल भरणाऱ्या माणसाला या अर्जासाठी एजंट लागू नये.

तरीही ती पुस्तिका काढून ठेवा, असं मी म्हणेन. कॅलिफोर्नियाच्या हद्दीबाहेर काही राज्यं ती मागतात, काही नुसती सुचवतात. शिवाय आपल्या कार्डावरचे एलएमव्ही (हलकं वाहन, म्हणजे कार), एमसीडब्ल्यूजी (गिअरची मोटारसायकल) हे शब्द तिथल्या हवालदाराला कळत नाहीत, पुस्तिकेत तो प्रकार समजावून दिलेला असतो. तारखांचं तर विचारूच नका. आपण ०५-०८ म्हणजे पाच ऑगस्ट वाचतो, तो आठ मे वाचणार. नूतनीकरण न करता गेला असतात, तर जूनमध्ये, मुदत शिल्लक असताना, त्यानं तुमचं लायसन्स संपलेलं ठरवलं असतं आणि तुम्हाला भर रस्त्यात तारखांचा क्लास घ्यावा लागला असता. इंटरनेटवर डॉलर घेऊन ‘इंटरनॅशनल लायसन्स’ घरपोच पाठवणाऱ्या साइट्स आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका. भारतीय लायसन्सवरची ही पुस्तिका आपला आरटीओच देतो.

एवढं सगळं ऐकूनही तिथलंच कार्ड हवं असं वाटत असेल, तर त्याची किंमत बघा. व्हिसा दहा वर्षांचा म्हणजे दहा वर्षांत येत-जात राहण्याची मुभा. एका खेपेला किती राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. व्हिजिटरला सहसा सहा महिने मिळतात. तात्पुरत्या मुक्कामावरच्या माणसाला रिअल आयडी, म्हणजे ओळखपत्रांचे निकष ठरवणाऱ्या तिथल्या केंद्रीय कायद्याखालचं लायसन्स दिलं, तर त्याची मुदत त्या मुक्कामाइतकीच असते. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवाल्या मित्राचं दहा वर्षांचं गणित पहिल्याच पायरीवर चुकतं. राहण्याच्या पत्त्याचे पुरावे लागतात, आणि तुमच्या नावावर तिथं साधं लाइट बिलही नसणार. सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे तिथं नोकरी करणाऱ्यांना मिळणारा सरकारी क्रमांक, व्हिजिटरला मिळत नाही. काही राज्यं मग ‘तो मिळू शकत नाही’ असं पत्र सोशल सिक्युरिटीच्या खात्याकडून आणायला सांगतात. तुमची आय-९४ ची नोंद लायसन्स देणारं खातं संगणकावर पडताळतं, ती पटकन सापडली नाही तर थांबावं लागतं. मग लेखी परीक्षा, डोळ्यांची तपासणी, आणि शेवटी गाडी चालवून दाखवायची परीक्षा. भारतातली चाळीस वर्षं तिथं जमेस धरत नाहीत. कॅलिफोर्नियात परदेशी लायसन्सवाल्यालाही प्रत्यक्ष परीक्षा सुटत नाही. एवढं करून कार्ड हातात येईतो परतीच्या बॅगा भरायची वेळ आलेली असते.

आणि एक धोका आहे जो एजंट, शेजारी, मित्र कुणीच सांगितलेला दिसत नाही. १९९३ च्या एका कायद्यामुळे अमेरिकेत लायसन्सच्या अर्जातच मतदार नोंदणीचा प्रश्न असतो. स्क्रीनवर भराभर ‘पुढे’ दाबत गेलं, किंवा काउंटरवरच्या बाईंनी काय विचारलं ते नीट न कळता मान डोलावली, तर नागरिक नसलेल्या माणसाची मतदार म्हणून नोंद होऊ शकते. आपल्याला हे किरकोळ वाटतं. तिथं ‘मी अमेरिकेचा नागरिक आहे’ असा खोटा दावा केल्याचं निघालं तर पुढे व्हिसा कायमचा अडकू शकतो. चुकून टिक झाली, हे नंतर पटवून देणं फार अवघड जातं. तेव्हा ज्यांना तिथलं लायसन्स काढणं भागच आहे, त्यांनी या रकान्यावर बोट ठेवून थांबावं आणि शेजारी मुलीला किंवा मुलाला उभं करावं.

माझं मत विचाराल तर सहा महिन्यांच्या पाहुण्यानं या भानगडीत पडू नये. एकच अपवाद दिसतो, तो विम्याचा. तुमच्या प्रश्नाची खरी गाठही तिथंच आहे, आणि बहुधा मुलीच्या ‘बघू’चीही.

आपल्याकडे गाडीचा विमा म्हणजे दरवर्षी नवा करून डॅशबोर्डात ठेवायचा कागद. समोरच्याला इजा झाली किंवा कुणी दगावलं, तर थर्ड पार्टी विम्यात भरपाईला रकमेची मर्यादा नसते. न्यायाधिकरण ठरवेल ती रक्कम कंपनी देते. तिथं तसं नाही. मालक पॉलिसी घेताना जेवढी मर्यादा निवडतो, तेवढेच पैसे कंपनी देते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायद्यानं किमान मर्यादा आहे ती अशी : एका माणसाच्या इजेसाठी ३०,००० डॉलर, एका अपघातातल्या सगळ्या माणसांसाठी मिळून ६०,००० आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी १५,०००. त्याच्या आधी हे आकडे १५, ३० आणि ५ हजार होते. वाचायला मोठी रक्कम वाटते, पण तिथल्या हॉस्पिटलात हाड जोडून चार दिवस झोपलेल्या माणसाचं बिल ३०,००० च्या पुढे जायला वेळ लागत नाही. वरची रक्कम गाडी चालवणाऱ्याकडून मागितली जाते, आणि गाडी मुलीच्या नावावर असल्यामुळे वकील तिलाही त्यात ओढू शकतो. तुम्ही इथून जो ट्रॅव्हल इन्शुरन्स काढून जाता, तो तुमच्या आजारपणासाठी असतो. तुमच्या हातून दुसऱ्याचं झालेलं नुकसान तो भरत नाही.

त्यात एक मेख आहे. तिथल्या पॉलिसीत घरात राहणाऱ्या चालकांची नावं असतात. एखाद्या दिवशी पाहुण्यानं मालकाच्या परवानगीनं गाडी नेली तर बहुतेक पॉलिसी ते चालवून घेतात. पण सहा महिने त्याच घरात राहून रोज नातीला शाळेत सोडणारे आजोबा पाहुणे की घरातले? कंपनी ‘घरातले’ म्हणाली आणि नाव कळवलेलं नसलं, तर अपघातानंतर वाद सुरू होतो. कळवलं तर तीन शक्यता. नाव घालतात आणि हप्ता वाढवतात. किंवा आधी स्थानिक लायसन्स दाखवा म्हणतात, आणि वर म्हटलेला अपवाद तो हाच. किंवा तुमचं नाव पॉलिसीतून स्पष्टपणे वगळतात. नाव वगळलेलं असेल तर त्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावायचा नाही. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नाही.

आता मुलीच्या जागी बसून बघा. याच गाड्यांवर आणि याच पॉलिसीवर त्या दोघांची नोकरी चालते. कुणाच्याही हातून अपघात झाला तरी पुढची काही वर्षं हप्ता चढा राहतो. वडिलांना ‘इन्शुरन्सवाले काय म्हणतील’ असं सांगायचं म्हणजे वडिलांच्या चालवण्यावर शंका घेतल्यासारखं वाटणार, म्हणून तिनं ‘बघू’ म्हटलं असेल. किंवा दोन मीटिंगच्या मधे फोन उचलला असेल आणि घाईत तेवढंच सुचलं असेल. नक्की कुठलं ते मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही नाही, कारण तुम्ही तिला विचारलेलंच नाही. पत्रात घाट आहे, क्लच आहे, शेजाऱ्यांचा मेव्हणा आहे. मुलीचं एकच वाक्य आहे आणि त्याचा अर्थ तुम्ही एकट्यानंच लावलाय.

तेव्हा हट्ट नको, पण गप्पही बसू नका. ‘मला गाडी देणार का’ असं विचारलंत तर उत्तर हो किंवा नाही एवढंच येईल आणि दोन्हीत कुणीतरी दुखावेल. ‘तुझ्या पॉलिसीत मला बसवायला काय लागेल, आणि जादा हप्ता मी भरला तर चालेल का’ असं विचारा. मग ती कंपनीला ईमेल करेल, कंपनी लेखी उत्तर देईल, आणि तुमचा-तिचा वाद न राहता ते एक काम होऊन जाईल. उत्तर लेखीच हवं. फोनवर कुणी ‘नो प्रॉब्लेम’ म्हणालं, तर त्या शब्दावर गाडी बाहेर काढू नका.

समजा कंपनीनं होकार दिला. तरी तुमच्या चाळीस वर्षांबद्दल थोडं बोलायला हवं, आणि ते तुम्हाला कदाचित आवडणार नाही. अनुभवानं नजर तयार होते, ती तिथंही उपयोगी पडेल. पण हातापायांच्या सवयी सगळ्या उलट्या पडतात. तिथल्या जवळपास सगळ्या गाड्या ऑटोमॅटिक आहेत. गाडी थांबवायची म्हटलं की तुमचा डावा पाय आपसूक क्लच शोधणार, आणि तिथं क्लचच्या जागी रुंद ब्रेक असतो. पाय जोरात पडला की मागचा येऊन आदळतो. पहिले काही दिवस डावा पाय मागे ओढून सीटला टेकवून ठेवायचा. आपल्या वॅगन-आरमध्ये इंडिकेटर उजव्या हाताला असतो, तिथं डाव्या. वळताना लख्ख उन्हात तुमचे वायपर सुरू होतील. नात हसेल, हसू द्या.

खरी जोखीम गर्दीत नसते. पुढे-मागे गाड्या असल्या की माणूस रांगेतूनच जातो. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर, मॉलच्या पार्किंगमधून बाहेर पडताना आणि डावीकडे वळताना, कारण तिथं बघून चालवायला पुढे दुसरी गाडी नसते आणि आयुष्यभराची सवय तुम्हाला डाव्या बाजूला नेते. तिथं गाड्या उजवीकडून चालतात, म्हणजे ती उलटी बाजू. म्हणून निदान पहिला आठवडा शेजारी मुलगी किंवा जावई बसल्याशिवाय गाडी सुरू करू नका. आणि विमानातून उतरल्यावर लगेच तर नकोच. उन्हाळ्यात सातारा आणि सॅन होजे यांच्यात घड्याळात साडेबारा तासांचा फरक आहे, दुपारी तिथं डोळे मिटायला लागतात.

चौरस्त्यावर चारही बाजूंना थांबायची पाटी, हा प्रकार आपल्याला नवा. पोवई नाक्यावर ज्यानं आधी नाक खुपसलं तो पुढे. तिथं जो आधी येऊन पूर्ण थांबला तो आधी जातो, दोघं एकदम आले तर उजवीकडच्याचा मान. थांबायचं म्हणजे चाक फिरायचं बंद झालं पाहिजे, नुसतं हळू करून चालत नाही. लाल दिव्यालाही पूर्ण थांबून, रस्ता मोकळा बघून उजवीकडे वळता येतं, जिथं मनाईची पाटी नाही तिथं. पिवळी स्कूल बस लाल दिवे चमकवत उभी असेल तर मागचेच नाही, समोरून येणारेही थांबतात. मधे दुभाजक असेल तर समोरच्यांना सूट, पण शंका आली तर थांबलेलंच बरं. मैलांचं गणितही डोक्यात ठेवा. फ्रीवेवर, म्हणजे सिग्नल नसलेल्या जलद महामार्गावर, पाटीवर ६५ दिसलं म्हणजे आपले साधारण १०५ किलोमीटर. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडून उतरताना जो वेग आपल्याला धोक्याचा वाटतो, त्याहून जास्त वेगानं तिथं म्हातारी माणसंही शांतपणे जात असतात.

पोलिसांचं तर नीट लक्षात ठेवा. आपल्याकडे शिट्टी वाजली की गाडी बाजूला घेऊन, खाली उतरून, कागद घेऊन साहेबांकडे चालत जाणं हा शिष्टाचार आहे. तिथं पोलिसांची गाडी मागे दिवे लावून आली तर उजवीकडे घेऊन थांबायचं आणि जागचं हलायचं नाही. काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. तो खिडकीशी येऊन मागेल तेव्हाच, सांगून, डॅशबोर्डातला कागद काढायचा. खाली उतरून त्याच्याकडे चालत जाणं किंवा घाईनं खिशात हात घालणं तिथं भलत्याच अर्थानं घेतलं जातं. आणि जावयाच्या पार्टीत एखादा घोट घेतला असेल, तर किल्ली हातात घ्यायची नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याची नुसती अटक झाली तरी व्हिसा रद्द होऊ शकतो.

नातीला गाडीत घ्यायचं तर कॅलिफोर्नियात आठ वर्षांखालच्या मुलाला मागच्या सीटवर, चाइल्ड सीटमध्येच बसवावं लागतं. आजीच्या मांडीवर नाही. शाळेतही मुलाला कोण न्यायला येणार त्यांची नावं आधी द्यायची असतात. तेव्हा मुलीला तुमचं नाव तिथंही घालायला सांगा.

पण थोडं मागे जाऊन विचारते, तुम्हाला नक्की काय हवंय? पत्र दोनदा वाचलं तेव्हा मला फ्रीवे कुठं दिसला नाही. दिसली ती कोथिंबिरीची जुडी, रिकामं घर आणि शनिवारची वाट. कुणाला न विचारता घराबाहेर पडता यावं, एवढंच ना? त्यासाठी गाडी हा एक मार्ग आहे, तो एकमेव नाही. सॅन होजे परिसरात बस आणि लाइट रेल (ट्रामसारखी छोटी रेल्वे) आहे, पासष्टीच्या वरच्यांना तिकिटात सवलत आहे आणि क्लिपर हे प्रवासाचं कार्ड ज्येष्ठांच्या दरात निघतं. त्याला लायसन्स लागत नाही, पासपोर्टवर वयाचा पुरावा होतो. जवळची लायब्ररी, इंडियन ग्रोसरी, बाग यांना पायी किंवा बसनं जाता येतं का, हे मुलीला आत्ताच नकाशावर बघायला सांगा. गेल्या वेळी हे कुणी बघितलंच नव्हतं, असा माझा अंदाज आहे. आल्या माणसाला फिरवायचं काम शनिवार-रविवारचं, असं त्या दोघांनी धरलं आणि तुम्हीही. तिथल्या उपनगरांत काही ठिकाणी बस तासाला एक येते, हेही खरं. तशी जागा असेल तर गाडीचा आग्रह समजू शकते. तेव्हाही आपला टापू आखून घ्या : घर, नातीची शाळा, वाणसामान. फ्रीवे नाही, रात्र नाही, पाऊस नाही. एवढ्यातही तुमचे सोमवार ते शुक्रवार भागतील.

आणि गाडी काढलीतच, तर पुलावर जाऊ नका. बे एरियाच्या, म्हणजे सॅन होजे-सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या पुलांवर टोलनाके पैसे घ्यायला उभे नाहीत. कॅमेरा नंबर टिपतो आणि बिल मालकाच्या घरी येतं. आनेवाडीला जशी फास्टॅगची रांग असते, तशी तिथं रांगही नसते, त्यामुळे आपण टोल ओलांडला हेच कळत नाही. महिनाअखेरीला मुलीच्या टपालात कळतं.

असाच प्रश्न सांगली-कराडकडच्या वाचकांनाही पडतो, म्हणून दोन शब्द. परमिट आपल्या राहत्या पत्त्याच्या कार्यालयातूनच काढा : सांगलीचं एमएच-१०, कराडचं एमएच-५०. मुलं इंग्लंडमध्ये असतील तर तुमचं काम सोपं. तिथं पाहुण्याला १२ महिन्यांपर्यंत आपल्या लायसन्सवर गाडी चालवता येते आणि रस्ताही डावीकडचाच. विम्याचा प्रश्न मात्र तिथंही आहेच. उलट बाजूनं, परदेशी जावई किंवा तिकडे वाढलेला नातू इथं येऊन कास पठारावर गाडी न्यायची म्हणत असेल, तर त्याच्या देशाचं लायसन्स आणि तिथूनच काढलेलं परमिट, दोन्ही त्याच्या खिशात हवं. मोटारसायकल हवी असेल तर परमिटवर तो प्रकारही नोंदवलेला हवा. साताऱ्यात आल्यावर इथून ते काढून देता येत नाही.

एक शेवटचं. तुमच्या अख्ख्या पत्रात काकू दोनदा आल्या, दोन्ही वेळा सोबत म्हणून. त्यांना गाडी येते का, ते कुठंच नाही. येत असेल तर त्यांचंही लायसन्स याच आठवड्यात हातात घेऊन त्याची तारीख बघा, म्हणजे मुलीला विमा कंपनीला दोन्ही नावांचं एकाच ईमेलमध्ये विचारता येईल.